थायरॉईडची गोळी आणि रक्ततपासणी : आयुष्यभराचा हिशेब

आदरणीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्या हाती वार्षिक अहवाल देताना ताळेबंद आणि कार्यवृत्त यांच्या जोडीला एखाद्या आजाराची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. तीव्र स्वरूपाचा हायपोथायरॉईडिझम, म्हणजे गळ्यातील अवटु ग्रंथीचा स्राव अत्यंत कमी पडणे, हा या वेळचा विषय आहे. तो निवडण्याचे कारण साधे आहे. या आजारावरील औषध स्वस्त आहे, खात्रीचे आहे आणि गावोगावच्या औषध दुकानांत मिळते. तरीही रुग्ण गंभीर अवस्थेला पोहोचतात. औषध मिळत नाही म्हणून असे क्वचितच घडते. बहुधा ते मध्येच थांबते म्हणून घडते.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे, वैद्यकशास्त्राचे नाही. परंतु बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे आम्ही आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेत आलो आहोत. “रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?” हा त्यांतील सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न. त्याचे उत्तर कुटुंबातील प्रत्येकास नीट कळावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. मात्रा ठरविणे अथवा बदलणे हे काम मात्र सर्वस्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच होय.

ग्रंथी लहान, कारभार मोठा

अवटु अथवा थायरॉईड ही ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली असते. ती प्रामुख्याने टी-४ नावाचे संप्रेरक तयार करते. शरीर गरजेप्रमाणे त्याचे टी-३ या अधिक प्रभावी रूपात रूपांतर करते. हृदयाची गती, शरीराची उष्णता, आतड्यांची हालचाल, स्नायूंची शक्ती, मासिक पाळी, बुद्धीची तरतरी या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. ग्रंथीच्या कामावर देखरेख करते ती मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी. रक्तातील संप्रेरक कमी झाले की ती टीएसएच नावाचा संदेश वाढविते. संप्रेरक पुरेसे झाले की संदेश कमी करते. मागणी आणि पुरवठा यांचा हा मेळ आहे. पुरवठा घटला की मागणीपत्रांचा ढीग वाढतो. म्हणूनच थायरॉईडचे काम कमी झाले असता टीएसएचचा आकडा वर जातो. हा उलटा संबंध ध्यानात ठेवला, तर अहवाल वाचताना निम्मा गोंधळ कमी होतो.

आपल्याकडे या आजाराचे एक मोठे कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानमधील हाशिमोटो या शल्यचिकित्सकाने १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव या आजारास मिळाले. याखेरीज ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असणे, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झालेला असणे, काही विशिष्ट औषधे ही देखील कारणे आहेत. आयोडीनच्या अभावाने होणाऱ्या गलगंडाविरुद्ध भारत सरकारने १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचले. ते मीठ स्वयंपाकात अवश्य असावे. परंतु हाशिमोटोच्या विकाराने निकामी झालेली ग्रंथी मीठ बदलून पूर्ववत होत नाही, हेही तितकेच खरे.

हा आजार किती सर्वदूर आहे? मुंबई आणि गोवा यांसह देशातील आठ ठिकाणी पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत दर शंभरांत जवळजवळ ११ जणांना हायपोथायरॉईडिझम आढळला. त्यांतील बहुसंख्यांचा आजार सौम्य होता आणि सौम्य आजारात प्रत्येकास औषध लागतेच असे नाही. या लेखात आपण बोलत आहोत ते तीव्र आजाराविषयी, जेथे औषधाला पर्याय नाही.

थकव्याच्या नावाखाली दडलेला आजार

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे उद्योग वाढले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि आज हा पट्टा चाकणच्याही पलीकडे गेला आहे. येथील जीवन पाळीच्या घड्याळावर चालते. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी यांच्या फेऱ्यात थकवा हा कोणासच नवा नाही. त्यामुळे थायरॉईडची लक्षणे थकव्याच्या नावाखाली सहज दडून जातात.

चेहरा व पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, उन्हाळ्यातही थंडी वाजणे, त्वचा कोरडी व खरखरीत होणे, केस गळणे, बद्धकोष्ठता, पाळीत अतिरक्तस्राव, हातपाय जड होणे, नाडी मंदावणे, बोलणे व विचार संथ होणे ही त्याची चिन्हे. प्रत्येक चिन्ह सुटे पाहिले तर किरकोळ वाटते. आई आळशी झाली आहे, वडील विसराळू झाले आहेत, सूनबाई उदास असतात, असे घरचे म्हणत राहतात आणि महिने लोटतात.

तीव्र आजारात इतर तपासण्याही बिघडतात. कोलेस्टेरॉल वाढते, हिमोग्लोबिन घटते, रक्तातील सोडियम कमी होते, स्नायूंचे सीपीके हे द्रव्य वाढते, कधी हृदयाच्या आवरणात पाणी साठते. मूळ कारण सापडले नाही, तर रुग्ण एकेका तक्रारीसाठी निरनिराळी औषधे घेत राहतो. मूळ कारणावर उपचार झाला की यांतील बऱ्याच गोष्टी हळूहळू पूर्वपदावर येतात.

सर्वांत भयावह अवस्था म्हणजे मिक्सिडिमा कोमा. दीर्घकाळ उपचाराविना राहिलेल्या रुग्णास, विशेषतः वृद्धांना, कडक थंडी, न्यूमोनियासारखा संसर्ग, झोपेचे औषध अथवा शस्त्रक्रिया यांचे निमित्त होते. अंग थंडगार पडते, रुग्ण गुंगीत जातो, श्वास आणि नाडी मंदावतात. अशा वेळी घरी थायरॉईडची जास्त गोळी देऊन पाहणे धोक्याचे आहे. रुग्णास पांघरूण घालून तातडीने अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेतून संप्रेरक, सोबत स्टिरॉईड, श्वासाला आधार आणि संसर्गावरील उपचार द्यावे लागतात. इतके करूनही अनेक रुग्ण दगावतात. दोन-तीन रुपयांची दैनंदिन गोळी थांबल्याची ही अंतिम किंमत आहे.

औषधाची जन्मकथा

१८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी तीव्र आजार झालेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचण्यास सुरुवात केली. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगून १९१९ मध्ये ७४ व्या वर्षी निधन पावली. या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद आहे. एका बाईचे आयुष्य टिकविण्यास एवढी सायास करावी लागत असे. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले, १९२० च्या दशकात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत बनविले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून लिव्होथायरॉक्सिनची गोळी वापरात आली. आज आपण घेतो ती हीच.

ही गोळी शरीराला परके द्रव्य देत नाही. ग्रंथी जे बनवीत होती, तेच ती बाहेरून पुरविते. “आयुष्यभर औषधाची सवय लागेल” ही भीती म्हणूनच अनाठायी आहे. चष्मा लावल्याने डोळ्यांना व्यसन लागत नाही. गरज असते म्हणून तो लावावा लागतो. तसेच हे आहे.

मोजमापाच्या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. रक्तातील संप्रेरकांचे अत्यल्प प्रमाण मोजणारी रेडिओ-इम्युनोअ‍ॅसे ही पद्धत अमेरिकेत विकसित झाली आणि त्यासाठी रोझलिन यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून कार्यरत असून थायरॉईडच्या आजारांची तपासणी व उपचार हे त्याचे प्रमुख क्षेत्र राहिले आहे. आज बहुतेक प्रयोगशाळांत स्वयंचलित यंत्रांवर ही तपासणी होते आणि अहवाल बहुधा त्याच दिवशी हाती येतो.

अहवाल कसा समजून घ्यावा

प्रौढ व्यक्तीत टीएसएचची सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४ अशी असते. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी भिन्न असते व ती अहवालावर छापलेली असते. तीव्र आजारात टीएसएच ५० च्या, कधी १०० च्याही वर जातो आणि फ्री टी-४ अतिशय खाली येतो. निदानाच्या वेळी हे दोन्ही आकडे आवश्यक असतात. हाशिमोटोच्या विकारासाठी अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी बहुधा एकदाच पुरते. उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी ती वारंवार करण्याने खर्च वाढतो, माहिती वाढत नाही. टी-३ चा आकडाही नेहमीच्या पाठपुराव्यात फारसा उपयोगी पडत नाही.

उपचार चालू असताना अहवालाची चार चित्रे सामान्यतः दिसतात.

पहिले : टीएसएच मर्यादेत आहे. याचा अर्थ मात्रा योग्य आहे. आजार संपला असा याचा अर्थ नाही. हा आकडा गोळीमुळे योग्य आला आहे. गोळी थांबली की तोही बदलेल.

दुसरे : टीएसएच जास्त आणि फ्री टी-४ कमी. मात्रा अपुरी आहे, गोळी नियमित घेतली जात नाही, अथवा ती पोटात नीट शोषली जात नाही. यांतील कोणते कारण आहे हे रुग्णाने खरे सांगितले तरच डॉक्टरांना कळते.

तिसरे : टीएसएच बराच जास्त, परंतु फ्री टी-४ व्यवस्थित. महिनाभर गोळी चुकली आणि तपासणीच्या आधी चार-पाच दिवस ती निगुतीने घेतली, तर असे चित्र दिसू शकते. फ्री टी-४ लगेच वाढते, टीएसएच मात्र कित्येक आठवड्यांचा हिशेब मनात धरून असतो. कारण लपविल्यास डॉक्टर मात्रा विनाकारण वाढवितील आणि पुढे ती अंगावर येईल. उपचाराच्या सुरुवातीच्या महिन्यांतही असे चित्र येते, तेव्हा ते चिंतेचे नसते.

चौथे : टीएसएच मर्यादेच्या खाली. मात्रा जास्त होत आहे. छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे असा त्रास होऊ शकतो. वृद्धांत हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. वजन घटविण्यासाठी परस्पर गोळी वाढविणे म्हणूनच घातक आहे.

याला एक अपवाद आहे. दोष पियुषिका ग्रंथीत असेल, उदाहरणार्थ बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन तिला इजा झाली असेल, तर टीएसएच विश्वासार्ह राहत नाही. तेथे फ्री टी-४ पाहूनच मात्रा ठरते. बाळंतपणानंतर अंगावर दूध आले नाही, पाळी परतली नाही आणि अशक्तपणा जात नाही, अशी हकीगत असेल तर ती डॉक्टरांना अवश्य सांगावी.

मात्रा बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. घाई करून उपयोग नसतो, कारण या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण सात दिवस लागतात आणि नवा समतोल जमण्यास पाच-सहा आठवडे. मात्रा स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरते.

रक्त देताना पुढील पथ्ये पाळावीत. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, सकाळच्या एकाच सुमारास रक्त द्यावे. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केवळ थायरॉईडच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. टीएसएच रात्री चढतो आणि जागरणात अधिक चढतो, म्हणून रात्रपाळी संपवून थेट रक्त देणार असाल तर तसे सांगावे; साप्ताहिक सुट्टीनंतरची सकाळ अधिक बरी. केस व नखे यांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते. त्यामुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. अशा गोळ्या डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात.

गोळी घेण्याची शिस्त

ग्रंथीचे काम जवळजवळ पूर्ण थांबले असेल तर प्रौढास दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम एवढी मात्रा लागते. ६० किलोच्या व्यक्तीस ती साधारण १०० मायक्रोग्रॅम होते. परंतु वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवितात. दीर्घकाळ मंद चाललेल्या हृदयावर एकदम भार टाकणे योग्य नव्हे. “इतका आजार आणि एवढीशीच गोळी?” अशी शंका त्यामुळे घेऊ नये.

गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. आम्लपित्ताची औषधेही शोषणात अडथळा आणतात, त्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. पाळ्या बदलत असतील तर घड्याळाच्या ठरावीक वेळेपेक्षा रिकामे पोट महत्त्वाचे मानावे. ज्यांना सकाळ जमत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. मात्र एकदा ठरविलेली पद्धत बदलू नये. एकादशी, नवरात्र वा रोजे यांतही गोळी थांबवू नये, वेळ डॉक्टरांना विचारून बसवून घ्यावी.

बाटली उन्हात, मोटारीत अथवा चुलीजवळ ठेवू नये. उष्णता व दमटपणा यांनी औषध कमजोर होते. नवी बाटली घेताना आकडा वाचावा. २५, ५०, ७५, १०० हे आकडे मायक्रोग्रॅमचे असतात, ०.१ मिलिग्रॅम म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम. कंपनी बदलल्यास डॉक्टरांना कळवावे.

मूल हवे असणाऱ्या स्त्रियांनी आधीच तपासणी करून घ्यावी. गर्भारपणात मात्रा बहुधा चतुर्थांशाने अथवा अधिक वाढवावी लागते, कारण पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी होते. नवजात अर्भकांतही हा आजार असतो आणि वरून काही दिसत नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर तो ओळखता येतो आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर बुद्धीची हानी टळते. प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वी या तपासणीविषयी अवश्य विचारावे.

गोळी का थांबते

बरे वाटू लागले म्हणून, अहवाल योग्य आला म्हणून, कंत्राट संपून गावी जावे लागले म्हणून, शेजाऱ्याने काही सांगितले म्हणून, अशा कारणांनी गोळी थांबते. थांबल्यावर लगेच काहीच होत नाही, आणि खरा धोका हाच आहे. आळंदी वा देहूहून पंढरपूरची वारी सुमारे तीन आठवड्यांची. गोळ्यांची बाटली घरीच विसरली तर, ग्रंथी पूर्ण निकामी असलेल्या रुग्णाच्या रक्तातील संप्रेरक पहिल्या आठवड्यात निम्म्यावर, दुसऱ्यात पावावर आणि तिसऱ्याच्या अखेरीस सुमारे अष्टमांशावर येते. हा घसारा दिसत नाही, पण होत असतो. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, त्याने काही बिघडत नाही. आठवडे राहिली तर स्वतःहून दुप्पट न घेता डॉक्टरांना भेटावे.

कुटुंबीयांना विनंती अशी की, बाटली संपण्याच्या पंधरा दिवस आधी नवी आणावी. गावी जाताना गोळ्या, औषधाची चिठ्ठी आणि शेवटचा अहवाल सोबत द्यावा. दर तपासणीची तारीख, टीएसएच, मात्रा आणि वजन एका वहीत ओळीने लिहावे. डॉक्टर वा शहर बदलले तरी ही वही उपयोगी पडते. रुग्ण अधिक झोपाळू, थंड अथवा गोंधळलेला वाटल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

देणगीदारांपुढे आम्ही हा विषय मांडतो तो यासाठी की, यात भव्य यंत्राची अथवा नामफलकाची संधी नाही. दिवसाची गोळी चहाच्या पेल्याहून स्वस्त आहे. खर्चिक आहे ते सातत्य : परतून न आलेल्या रुग्णाला दूरध्वनी करणे, गरजूच्या वर्षातून एक-दोन तपासण्यांचा भार उचलणे, रुग्णासमोर बसून अहवाल समजावून सांगणारा माणूस नेमणे. अशा खर्चाचे छायाचित्र छापता येत नाही. अतिदक्षता विभागात एका रुग्णावर होणारा काही दिवसांचा खर्च आणि त्याच रुग्णाच्या अनेक वर्षांच्या गोळ्यांचा खर्च शेजारी मांडून पाहिला, तर हा विनियोग किती लाभाचा आहे हे सांगण्यास लेखापालाची आवश्यकता भासणार नाही.

 हा लेख आपल्या घरातील, कारखान्यातील व सोसायटीतील गरजू व्यक्तीपर्यंत पोहोचवावा, अशी नम्र विनंती करतो.